मगर, बांध आणि वस्ती

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचे पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशाकडे राहिले, आणि २०२३ मध्ये त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा येथील व्यवहार असल्यामुळे एकाच आशयाच्या दोन म्हणी येथे शेजारी शेजारी ऐकू येतात. मराठी म्हणते, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. हिंदी म्हणते, जल में रहकर मगर से बैर नहीं. मराठीने मासा निवडला, हिंदीने मगर. उपदेश तोच, परंतु हिंदी म्हणीतला धोका अधिक खरा आहे, हे कबूल केले पाहिजे. माशाशी वैर धरून कोणाचे फारसे बिघडत नाही. मगरीशी धरलेले वैर मात्र जिवावर बेतते.

या म्हणीत एक गृहीत दडलेले आहे. पाणी मगरीचे आहे आणि माणूस तेथे पाहुणा आहे, हे ते गृहीत. आज प्रश्न उलट बाजूने विचारला जातो. नदीकाठी नगरे वाढली, नदीच्या पुरात वसाहती बांधल्या गेल्या, आणि अंगणाशी मगर दिसली की लोक विचारतात, हे जनावर येथे कशाला? ते येथून काढून दूर का नेत नाहीत? विचारणारे भ्यालेले असतात आणि त्यांची भीती खोटी नसते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर प्राणिप्रेमाच्या उमाळ्याने किंवा संतापाच्या भरात न देता इतिहासाच्या आधारे शोधणे बरे. आपल्या पूर्वजांनी या जनावराशी कोणकोणते संबंध जोडले, त्यांतले कोणते टिकले आणि कोणते फसले, हे पाहिले तर वाट थोडी स्पष्ट होते.

मराठीत मगर आणि सुसर हे दोन्ही शब्द पूर्वापार चालत आले आहेत. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत लांब निमुळत्या तोंडाच्या, मासे खाणाऱ्या जातीला सुसर म्हणतात आणि रुंद तोंडाच्या जातीला मगर; पण सामान्य बोलण्यात ही वाटणी कधीच काटेकोर नव्हती. ‘सुसरीबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. गरजेपोटी बलवंताची खोटी स्तुती करणाऱ्यावर ती मारलेला टोला आहे. पण तिच्यातून हेही दिसते, की पाण्यात उतरावयाचे तर सुसरीची मर्जी सांभाळावी लागते, हा अनुभव भाषेत पुरता मुरलेला होता. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षाची कथा कीर्तनांतून घरोघर पोहोचली. तिच्यात हत्तीला विष्णू सोडवतो एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. परंतु त्या कथेतला नक्रही शापित गंधर्वच आहे आणि तोही शेवटी मुक्त होतो. कथाकाराने उद्धार दोघांचाही केला आहे.

ग्रंथांतून निघून प्रत्यक्ष भूमीवर यावयाचे, तर या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यात सापडते. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा कुंभारजुवे कालवा तिसवाडीचे बेट अंत्रुज महालापासून वेगळे करतो. त्याचे पाणी भरती-ओहोटीचे, मचूळ. आपल्याकडची मगर ही मुख्यतः गोड्या पाण्यातील जात. तरी या मचूळ पाण्यात, खारफुटीच्या कडेने ती शतकानुशतके नांदत आली आहे, आणि म्हणून अभ्यासकांना या कालव्याचे विशेष कुतूहल वाटते.

या मगरी तेथे आल्या कशा, याविषयी लोकांत एक कथा चालत आली आहे. शत्रूने बेटात शिरू नये आणि बेटावरच्या गुलामांनी पोहून पळून जाऊ नये, म्हणून राज्यकर्त्यांनी त्या पाण्यात मगरी सोडल्या, असे ती सांगते. कोणी हे कृत्य आदिलशाहीच्या नावावर टाकतात, तर कोणी १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजांच्या. कथा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. कोकणपट्टीच्या नद्यांत मगर मुळातच होती, ती कोणी आणून सोडावयास हवी होती असे नाही. परंतु कथेचा अर्थ महत्त्वाचा आहे. राज्यसत्तेच्या दृष्टीने मगर हा एक पहारेकरी होता, आणि त्याचे तोंड माणसांकडे वळलेले होते.

त्याच पाण्याच्या काठी शेतकरी वेगळेच काही करीत होता. गोव्याची खाजन शेती ही खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली आणि बांध राखूनच टिकवलेली शेती आहे. बांधात ‘मानस’ नावाचे दार असते. भरतीच्या रेट्याने ते मिटते, ओहोटीला उघडते. त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही आणि शेतातले जादा पाणी बाहेर पडते. गावकीने एकत्र येऊन बांधाची डागडुजी करावयाची, ही शतकांची रीत. बांधाला एक खिंडार पडले तर भाताचे पीक जाते आणि खारावलेली जमीन पुढची काही वर्षे हाती लागत नाही. अशा बांधाच्या एका बाजूस माणसाचे शेत आणि दुसऱ्या बाजूस मगरीचे पाणी.

याच परिसरातील भोम, दुर्भाट अशा गावांत पौषी अमावास्येला ‘मानगें थापणी’ नावाचा विधी होतो. कोंकणीत मानगें म्हणजे मगर. त्या दिवशी पाण्याकाठी ओल्या चिखलाची मगर थापतात. शिंपले आणि काटक्या लावून तिला डोळे, दात, खवले देतात. फुले वाहतात, नैवेद्य दाखवतात, आणि बांध सुखरूप राहो, माणसांना व गुराढोरांना अपाय न होवो, असे तिच्याजवळ मागणे मागतात. ज्या जनावराची भीती, तिलाच बांधाची राखणदार करून टाकले आहे. विधीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्याने वर्षानुवर्षे कोणते काम केले ते पाहावे. गावाच्या प्रत्येक पिढीला त्याने आठवण दिली, की पाण्यात मगर आहे, ती कोठे असते, आणि सीमा कोठून सुरू होते. विधीच्या निमित्ताने माणसे बांधावर जातात, आणि बांधावर गेलेल्या माणसाला बांधाची तूट दिसते. सातपुड्याच्या गोंड-कोरकू वस्त्यांतला वाघदेव आणि दक्षिण गुजरातेतील आदिवासींचे लाकडी मगरदेव याच कुळातले आहेत. ज्याला हाकलता येत नाही आणि ज्याच्या पुढ्यात बेसावध राहता येत नाही, त्याच्याशी करार करण्याची ही रीत आहे.

एकाच खाडीत असे दोन विचार शेजारी नांदले. राजाने मगरीला माणसांविरुद्धचा तट मानले. शेतकऱ्याने तिच्या आणि आपल्या मध्ये तट घातला व तो रोज राखला. राजे गेले. बांध मात्र जेथे राखला तेथे अजून उभा आहे.

तिसरा संबंध बंदुकीचा आणि बाजाराचा. ब्रिटिश अमदानीत मगर मारणे हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा विरंगुळा होता. पुढे विसाव्या शतकात कातड्याच्या व्यापाराने ज्या वेगाने नद्या रिकाम्या केल्या, तो वेग शिकारीला कधीच गाठता आला नव्हता. धरणांनी नद्यांचे वाळूचे किनारे बुडवले, मासेमारीच्या जाळ्यांत पिले मेली, अंडी लोकांनी खाल्ली. १९७० च्या सुमारास देशातील तिन्ही जाती, म्हणजे मगर, सुसर आणि खाऱ्या पाण्यातील मोठी मगर, नामशेष होण्याच्या वाटेवर होत्या. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ओडिशातून मगर-संवर्धनाची योजना सुरू झाली. नदीकाठची अंडी गोळा करून उबवावयाची, पिले काही वर्षे वाढवावयाची आणि मग पाण्यात सोडावयाची, असे तिचे स्वरूप होते. योजना यशस्वी झाली. आज वस्तीजवळ मगर दिसते, त्यामागे या यशाचा मोठा वाटा आहे. पण मगर परत आली त्या अर्धशतकात काठावरची वस्तीही कितीतरी पटींनी वाढली. दोघेही एकाच वेळी त्याच काठावर येऊन पोहोचले.

या भेटीचे सर्वांत विलक्षण स्थान म्हणजे बडोदे. गायकवाडांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पावागडाच्या डोंगरांतून येणारी विश्वामित्री नदी शहराच्या मधून, सयाजीबागेला लागून वाहते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, शहराच्या पाण्यासाठी आजव्याचे सरोवर पुरे झाले, आणि त्या सरोवराशी व नदीशी मगरींचे गोत जुळले. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत विश्वामित्रीत ४४२ मगरी मोजल्या गेल्या. २०२० मध्ये हा आकडा २७५ च्या आसपास होता. २०२४ च्या ऑगस्टातील महापुरात त्या रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारांत आल्या आणि वनखात्याच्या व स्वयंसेवकांच्या हातांनी पकडल्या गेल्या. लाखो वस्तीच्या शहराच्या पोटात इतक्या मगरी राहतात आणि तरीही शहर चालते, याचे इंगित काय? एक कारण अप्रिय आहे. शहरातील नदी इतकी मलिन झाली आहे, की तेथे कोणी स्नानाला किंवा धुण्याला उतरत नाही. मनुष्याने पाण्याकडे पाठ फिरवली, म्हणून तेथे गाठ कमी पडते.

जेथे लोक अजून नदीवर जगतात तेथे चित्र वेगळे आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी, भिलवडी-औदुंबरच्या परिसरात, मगरीने माणसांवर हल्ले केल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. सापडतो तो पोहणारा मुलगा, धुणे धुणारी स्त्री, जाळे टाकणारा मच्छीमार किंवा गुरे धुणारा शेतकरी. उन्हाळ्यात पात्र आटते, मगरी थोड्या डोहांत एकवटतात, मादी अंड्यांची राखण करीत असते, आणि त्याच दिवसांत उकाड्याने माणसेही त्याच डोहांकडे वळतात. चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या मगरींची नगराला सवय आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तर एक मगर रात्री भर रस्त्यावरून चालताना लोकांनी पाहिली. अशा वेळी ‘पकडा आणि दूरच्या धरणात सोडा’ ही मागणी उठते. ती स्वाभाविक आहे. ती उपयोगी आहे काय, एवढेच तपासावयाचे आहे.

तपासण्यास पुरावा पुष्कळ आहे. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील तीन मोठ्या मगरी पकडून, हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडण्यात आल्या आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग ठेवण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा वृत्तांत सांगतो, की तिन्ही आपल्या ठिकाणी परतल्या. त्यांतली एक तर द्वीपकल्पाला वळसा घालून चारशेहून अधिक किलोमीटर पोहत वीस दिवसांत घरी आली. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मगरीची भावंडे शोभतील अशी ॲलिगेटरे घरांमागच्या तळ्यांत राहतात. तेथे १९७८ पासून उपद्रवी प्राण्यांसाठी सरकारी व्यवस्था आहे, आणि पकडलेले जनावर सहसा दूर सोडले जात नाही, मारले जाते. कारण सोडलेले परत येते, किंवा नव्या जागी तेथल्या जनावरांशी झुंजते. तेथे ‘काढणे’ या शब्दाचा खरा अर्थ निदान लपवला जात नाही.

आपल्या महाराष्ट्रातला अनुभव मगरीचा नसून बिबट्याचा आहे, पण धडा तोच. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात उसाच्या रानांतून अनेक बिबटे पकडून घाटमाथ्यावरच्या जंगलांत सोडण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. वर्षाला सरासरी चारांवरून ते सतरांवर गेले. अनोळखी जागी टाकलेले जनावर बिथरते, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरे घेते. पांढुर्ण्याच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यानेही याची चुणूक पाहिली. २०१८ मध्ये एक तरुण वाघ चंद्रपूरकडून निघून अमरावती जिल्ह्यातून, तेथे दोन माणसांचा बळी घेऊन, सातपुड्यात शिरला. डिसेंबरात सारणी येथे त्याला पकडून सातपुड्याच्या राखीव रानात सोडले. दोन महिन्यांत तो पुन्हा सारणीला हजर झाला. शेवटी २०२० मध्ये तो भोपाळच्या वनविहारात कायमचा बंदिस्त झाला.

वस्तीच्या सोयीपेक्षाही हलक्या कारणांनी मगरी काढल्याचे उदाहरण नर्मदाकाठी आहे. सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळच्या तलावात सागरी विमान उतरावे म्हणून २०१९ पासून दोन वर्षांत सुमारे दोनशे मगरी तेथून हलवण्यात आल्या. येथे कोणाच्या जिवाचा प्रश्न नव्हता. मगरीला हटवणे एकदा सोपे वाटू लागले, की त्यासाठी लागणारे कारण किती लहान होत जाते, याचा हा नमुना आहे.

तथापि येथे थांबून ‘मगर राहू द्या’ असे म्हणणे हा अर्धा न्याय झाला. ज्याच्या घरात नळ आहे त्याला सहजीवनाचे गुणगान करावयास काय जाते? मगर राखण्याची किंमत नदीवर धुणे नेणारी स्त्री आणि डोहात जाळे टाकणारा कोळी मोजतो. कायद्याने मगरीला अभय दिले, तर त्याच कायद्याच्या धन्याने या माणसांनाही अभय देणे प्राप्त आहे. मध्य प्रदेश सरकारने वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास मिळणारी मदत आठ लाखांवरून पंचवीस लाख रुपये करण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. हे योग्यच आहे. परंतु मदत मृत्यूनंतर येते. बांध मृत्यूच्या आधी घालावयाचा असतो.

असा बांध कसा असतो, हे श्रीलंकेच्या नदीकाठच्या गावांकडून शिकावे. तेथे स्नानाच्या जागेभोवती पाण्यातच खांबांचे कुंपण उभारतात. सिंहलीत त्याला किंबुला कोटुवा, म्हणजे मगरीचा कोट, म्हणतात. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरातही स्नानाच्या घाटांना अशी आडणी घातलेली आहेत. खर्च थोडा, पण त्याला एक अट आहे: खांब कुजला तर लगेच बदलावा लागतो. कृष्णाकाठच्या प्रत्येक घाटाला असे कुंपण, काठच्या प्रत्येक वस्तीला घरपोच पाणी, उन्हाळ्यातल्या डोहांची निश्चित माहिती देणारे फलक, पुरात तत्काळ येणारे प्रशिक्षित पथक, आणि काठावर मांस व मेलेली जनावरे न टाकण्याचा निर्बंध, एवढे झाले तर मगरीला हलवण्याचे प्रसंग विरळ होतील. तरीही एखादी विशिष्ट मगर माणसांवर पुनःपुन्हा हल्ला करीत असल्याचे सिद्ध झाले, तर तिला काढलेच पाहिजे. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकाला तो अधिकार दिलेला आहे, आणि तो वापरताना कचरू नये. मात्र एका दोषी जनावराला काढणे वेगळे, आणि नदीतून मगर ही जातच हटवणे वेगळे. पहिले रक्षण आहे. दुसऱ्याचा प्रयत्न कातड्याच्या व्यापाराने एकदा करून पाहिला आहे, आणि त्यातून कोणतीही नदी माणसांसाठी अधिक चांगली झाली नाही.

पांढुर्णा-सौसरच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटावयास नको. जाम नदी कन्हानला मिळते, कन्हानला पुढे पेंच मिळते, आणि त्या पेंच नदीवरील तोतलाडोहच्या जलाशयात मगरी आहेत. संत्र्याच्या बागांच्या कडेला पेंच आणि सातपुड्याच्या रानांतून येणारी जनावरे या जिल्ह्याला नवीन नाहीत. आज बिबट्याच्या नावाने आणि उद्या कदाचित मगरीच्या नावाने हीच मागणी येथेही उठेल. तेव्हा ग्रामसभेने पहिला प्रश्न ‘हे जनावर कोठे न्यावयाचे’ असा न करता ‘आपला बांध कोठे तुटला आहे’ असा करावा. गोव्याच्या खाजनातील शेतकरी पौषाच्या अमावास्येला चिखलाची मगर थापतो. खऱ्या मगरीने पाणी सोडून जावे, असे तो मागत नाही. बांधाच्या अलीकडे आपली माणसे आणि गुरे सुखरूप राहावीत, एवढेच मागतो, आणि बांध मात्र स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतो.